लेखी आज्ञेचा अधिकार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले उभे आयुष्य सार्वजनिक ग्रंथालयाच्या सेवेत वेचले, आणि लोकांच्या मालकीच्या वस्तूचा कारभार लोकांना समजेल अशा रीतीने व्हावा हा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मुक्तस्रोत संगणकव्यवस्थेची उभारणी आणि तिची सुरक्षितता हा विषय मी घेतला, यात विषयांतर झाले असे मला वाटत नाही. ज्या ग्रंथालयात पूर्वी दाखल पुस्तकांची नोंदवही असे तेथे आज सर्व्हर आहे. सातबाराचा उतारा, परीक्षेचा निकाल, पतपेढीतील ठेव ही सारी दप्तरे आज कोणत्या ना कोणत्या संगणकाच्या स्वाधीन झाली आहेत. आणि ते दप्तर कोणाच्या हुकमाने उघडते, कोणाच्या हुकमाने बदलते व त्या हुकमाची नोंद कोठे राहते, हा प्रश्न जितका यंत्रशास्त्राचा तितकाच राज्यव्यवहाराचाही आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते प्रारंभीच थोडक्यात सांगतो. संगणकाची सुरक्षितता बाजारातून आणून बसविता येत नाही. अधिकार मोजून देणे, दिलेला अधिकार लिहून ठेवणे आणि यंत्राने केलेली तक्रार ऐकून तिचा छडा लावणे, या तीन सवयींची मिळून जी अखंड शिस्त होते तिलाच सुरक्षितता म्हणावयाचे. या शिस्तीला कमांड लाइन, म्हणजे अक्षरे टंकून यंत्राला आज्ञा देण्याची जुनी रीत, फार अनुकूल आहे असे माझे मत आहे, आणि ते मत मी आज आपणांपुढे सप्रमाण मांडणार आहे.

या रीतीचा जन्म समजून घेतल्यावाचून तिचे मर्म कळणार नाही. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची पायाभरणी केली, तेव्हा माणूस आणि यंत्र यांच्यातील दुवा होता टेलिटाइप: कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला अवघी दहा अक्षरे छापणारे एक खडखडते उपकरण. फायलींची यादी मागणारी ‘एलएस’, प्रत काढणारी ‘सीपी’, फाइल नाहीशी करणारी ‘आरएम’ अशा दोन दोन अक्षरांच्या आज्ञा त्या काळच्या आहेत, आणि पन्नासांहून अधिक वर्षे लोटली तरी त्या जशाच्या तशा चालतात. १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने त्यांत ‘पाइप’ची भर पडली, एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती सोपविण्याची सोय झाली, आणि सुट्या शब्दांची जणू वाक्ये होऊ लागली. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा करून, ज्याचा मूळ मजकूर प्रत्येकाला वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली रचण्याचा संकल्प सोडला; १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा जगापुढे ठेवला; आणि १९९३ साली पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक यांनी या दोहोंची सांगड घालणारे डेबियन हे वितरण सुरू केले, जे आजही जगभरातील स्वयंसेवकांच्या हातून चालते. आजच्या विवेचनात उदाहरण म्हणून मी डेबियनच घेतो, कारण त्याची सनद, त्याचे वाद, त्याच्या चुका आणि त्या चुकांच्या दुरुस्त्या हे सर्व चव्हाट्यावर आहे.

टंकलेल्या आज्ञेचा पहिला गुण हा की ती लेखी असते. चित्रांवर बोट ठेवून केलेल्या कामाचा पुरावा बहुधा उरत नाही. काल कोणती खूण केली आणि कोणती राहिली, हे ज्याने केले त्यालाही आज सांगता येत नाही. लेखी आज्ञा मात्र अमलात आणण्यापूर्वी वाचता येते, जाणत्याला दाखविता येते, जपून ठेवता येते, तिच्यातील चूक बोट ठेवून दाखविता येते आणि एका यंत्रासाठी लिहिली तीच शंभर यंत्रांना देता येते. मात्र या गुणाच्या पोटी एक मोठी जोखीमही आहे. युनिक्सच्या परंपरेत यंत्र आज्ञा देणाऱ्याला शहाणा समजते. सर्वाधिकारी वापरकर्त्याने ‘आरएम’ म्हटले की ते बहुधा पुन्हा विचारीत नाही, मुकाट्याने पुसून टाकते. म्हणून कोठूनतरी उतरवून घेतलेली, अर्थ न कळलेली आज्ञा पूर्ण अधिकारानिशी चालविणे हा या क्षेत्रातील सर्वांत सर्रास घडणारा अविचार आहे. जवळजवळ प्रत्येक आज्ञेची माहिती ‘मॅन’ या आज्ञेने त्याच पडद्यावर मिळते. ती वाचावयास पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे वाचविणारा माणूस आपला अधिकार अनोळखी लेखकाच्या हाती देत असतो.

आता उभारणीकडे वळू. डेबियनची प्रतिमा, म्हणजे स्थापनेसाठी लागणारी मोठी फाइल, जगातील कितीतरी सर्व्हरांवर मोफत ठेवलेली असते. मग आपल्या हाती आलेली प्रत अस्सल कशावरून? मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात मजकूर संपताच त्याखाली मोर्तब उमटवीत, एवढ्यासाठी की त्यानंतर मधल्या कोणी एक ओळही घुसडू नये. डेबियनची व्यवस्था याच काळजीतून निघालेली, पण तिच्याही एक पाऊल पुढे गेलेली आहे. संपूर्ण फाइलवर गणित चालवून १२८ चिन्हांचा एक ठसा काढतात, आणि फाइलमधील एक अक्षर बदलले तरी तो सबंध ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. या ठशांच्या यादीवर प्रकल्पाची गणिती स्वाक्षरी असते. ठसा ताडून पाहावयाचा आणि स्वाक्षरी पडताळावयाची, या दोन आज्ञांना मिळून काही मिनिटे लागतात. पुढे ‘अ‍ॅप्ट’ या आज्ञेने जी जी पॅकेजे, म्हणजे आज्ञावलींची बांधून ठेवलेली गाठोडी, आपण मागवितो त्यांची पडताळणी आपोआप होते: एका सूचीवर स्वाक्षरी, त्या सूचीत पॅकेजांच्या याद्यांचे ठसे, आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा ठसा. ही साखळी आहे म्हणूनच, पॅकेजांच्या डेबियनबाहेरच्या एखाद्या कोठारावर विश्वास ठेवा असे यंत्राला सांगताना आपण काय करतो आहोत याचे भान हवे; पॅकेज बसविताना चालणाऱ्या आज्ञा पूर्ण अधिकाराने चालतात, आणि त्यामुळे त्या कोठाराचा मालक आपल्या यंत्राचाही मालक होऊन बसतो.

स्थापनेच्या वेळी दुसरा विवेक आहे तो वर्जनाचा. जे लागत नाही ते घेऊ नये. सर्व्हरला चित्रमय पडदा लागत नसेल, छपाईची सेवा लागत नसेल, तर त्या बसवू नयेत. कारण चालू असलेली प्रत्येक सेवा म्हणजे ज्याचे दोष उद्या उघडकीस येऊ शकतील असा मजकूर होय. यंत्र उभे राहिल्यावर ‘एसएस’ या आज्ञेने कोणकोणत्या पोर्टांवर ते बाहेरच्या हाकेला ओ देण्यासाठी बसले आहे याची यादी काढावी आणि यादीतील प्रत्येक ओळीचे कारण स्वतःला विचारावे. ज्या ओळीचे कारण सांगता येत नाही ती सेवा बंद करावी. मगच फायरवॉलचे नियम लिहावेत, आणि त्यांचा पहिला सिद्धान्त असा ठेवावा की जे स्पष्टपणे मंजूर केलेले नाही ते सर्व नामंजूर.

हा सिद्धान्त माझा नव्हे. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संशोधकांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर जो प्रबंध लिहिला, त्यात तो आहे. आणि त्याच प्रबंधात किमान अधिकाराचे ते तत्त्व आहे ज्याच्या आधारावर आजच्या विषयाची निम्मी इमारत उभी आहे. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक आज्ञावलीला आपले काम करण्यापुरताच अधिकार असावा, त्याहून रतिभरही जास्त नसावा. युनिक्सने याची व्यवस्था थोडक्यात केली: प्रत्येक फाइलला एक धनी, एक गट आणि उरलेले सर्व, असे तीन वर्ग, आणि प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन परवानग्या. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक, असे अंक धरून ‘चमॉड’ या आज्ञेने त्या लिहितात. ६४० म्हणजे धन्याने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांनी शिवू नये. यावर ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी, ज्याला कसलीच मनाई नाही. या सर्वाधिकाराचा रोजच्या कामात वापर होऊ नये म्हणून १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क संस्थानातील बफेलो येथील विद्यापीठात ‘सुडो’ ही आज्ञा रचली गेली. कोणत्या मुतालिकाने कोणती कामे सर्वाधिकाऱ्याच्या नावाने करावीत याची यादी तिच्या फाइलीत लिहून ठेवता येते, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नावानिशी नोंद राहते.

इतकी सुबक व्यवस्था असताना ती मोडते कशी, हेही सांगितले पाहिजे. एखादे संकेतस्थळ उभारताना फाइल वाचण्यास परवानगी नाही अशी तक्रार यंत्र करते, घाईतला माणूस ७७७ हा अंक लिहून सर्वांना सर्व काही मोकळे करतो, तक्रार थांबते, काम चालू होते, आणि तो अंक पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. यंत्राची ती तक्रार वस्तुतः एक प्रश्न होता: ही फाइल कोणाची, आणि ती कोणी वाचावी? त्या प्रश्नाला उत्तर न देता त्याचे तोंड बंद केले गेले. डेबियनवर वेबसेवा एका वेगळ्या, दुबळ्या खात्याच्या नावाने चालते, ती याचसाठी की तिच्यातील दोषातून कोणी आत शिरला तरी त्याच्या हाती त्या खात्यापुरताच अधिकार यावा. ७७७ लिहिणारा ही भिंत आपल्याच हाताने पाडतो.

दूरच्या यंत्रावर आज्ञा कशा पाठवाव्यात याचाही एक इतिहास आहे. पूर्वी ‘टेलनेट’ने प्रवेश करीत, आणि त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड टिपून घेण्याचा प्रकार झाला, आणि त्यावर उपाय म्हणून तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ लिहिले. १९९९ साली ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली आणि आज जगातील बहुतेक लिनक्स सर्व्हरांचा कारभार तिच्यातूनच चालतो. तिची खरी शक्ती किल्ल्यांच्या जोडीत आहे. खासगी किल्ली आपल्या संगणकावरच राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात, आणि खासगी किल्ली आपल्याजवळ आहे हे ती न दाखविताही गणिताने सिद्ध करता येते. मग पासवर्डने प्रवेश आणि रूटचा थेट प्रवेश हे दोन्ही बंद करता येतात, आणि रात्रंदिवस पासवर्डांचे अंदाज बांधीत बसलेल्या परक्या यंत्रांचा उद्योग व्यर्थ होतो. येथे अनुभवी मंडळींचा एक शिरस्ता सांगून ठेवतो: हा बदल करताना चालू असलेले सत्र बंद करू नये, नवे नियम आधी तपासून घ्यावेत, दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश होतो हे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच पहिले सत्र सोडावे.

यानंतर उरते ते रोजचे काम, आणि वस्तुतः तेच मुख्य काम होय. सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसतील अशी तजवीज करावी. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने यंत्राचा रोजनामा नेमाने वाचावा. दप्तराची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे राहते की नाही हे अधूनमधून प्रत्यक्ष करून पाहावे. हे कंटाळवाणे आहे हे मी जाणतो. पण कालांतराने मोठे नुकसान कोठे होते हे पाहिले, तर ते बहुधा याच कंटाळ्याच्या जागी होते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला, आपली प्रत आपणच काढीत पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरला, तो ‘सेंडमेल’ या टपालसेवेत चुकून उघडी राहिलेली चाचणीची सोय, ‘फिंगर’ या सेवेतील दोष आणि सहज ओळखता येण्याजोगे पासवर्ड यांच्या वाटेने. त्या प्रोग्रॅमजवळ ४३२ शब्दांची यादी होती, आणि तिच्यातील शब्द अनेकांचे पासवर्ड निघाले. त्या विद्यार्थ्याचे वडील रॉबर्ट मॉरिस यांनीच केन टॉम्पसन यांच्यासह १९७९ साली युनिक्समधील पासवर्डांच्या सुरक्षिततेवर लेख लिहून, पासवर्ड मूळ रूपात न ठेवता तो उलटा सोडविता येणार नाही अशा रूपात, त्यात काही यादृच्छिक अक्षरे मिसळून ठेवावा, ही रीत समजावून दिली होती. रीत उत्तम होती. परंतु पासवर्डच सोपा असेल तर ती काय करणार?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ज्या व्यवस्थेचा मूळ मजकूर सर्वांसमोर उघडा आहे ती सुरक्षित कशी? चोराला सारा आराखडाच मिळाला! या आक्षेपाचे उत्तर १८८३ साली पॅरिसमधील भाषाशिक्षक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना देऊन ठेवले आहे: पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बाध येऊ नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. हे तत्त्व मी शिरोधार्य मानतो. पण मजकूर उघडा असणे म्हणजे तो कोणीतरी वाचला असेलच असे समजणे, ही मुक्तस्रोताच्या भक्तांची भ्रांती आहे, आणि ती दोन घटनांच्या आधारे दूर करणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिली घटना डेबियनच्याच घरातील. २००६ साली ओपनएसएसएल या संकेतनाच्या आज्ञावलीसंग्रहात ‘वॅलग्रिंड’ नावाचे परीक्षणसाधन स्मृतीच्या वापराविषयी तक्रार करीत होते. ती थांबावी म्हणून डेबियनमध्ये काही ओळी काढल्या गेल्या. ओपनएसएसएलच्या मूळ मंडळींकडे विचारणाही झाली होती, परंतु तिचा पुरता विचार झाला नाही. त्या ओळींबरोबर किल्ली घडविण्यासाठी लागणारी जवळजवळ सारी यादृच्छिकता नाहीशी झाली. उरला तो प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रॅमला यंत्राने दिलेला अंक, जो तेव्हा बहुधा ३२,७६८ च्या आतच असे. अब्जावधी अब्ज शक्यतांच्या जागी एवढ्याच किल्ल्या, आणि त्या कोणालाही एका बैठकीत घडवून ठेवता येण्याजोग्या! मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला. तोवर सुमारे दोन वर्षे तो उघड्या मजकुरात, सर्वांच्या दृष्टीसमोर, पडून होता. डेबियनने मात्र तो लपविला नाही. दुबळ्या किल्ल्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि प्रत्येकाने आपली किल्ली नव्याने घडवावी असे बजावले.

दुसरी घटना २०२४ सालची. ‘एक्सझेड’ हे माहिती आकुंचित करणारे एक लहानसे साधन, एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर चाललेले; ‘जिया टॅन’ असे नाव घेतलेल्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे उपयुक्त मदत करून त्याचा विश्वास आणि अखेर देखभालीचा अधिकार मिळविला, आणि मग प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात, प्रकल्पाच्या उघड्या भांडारात नसलेली अशी एक जोड घुसडली, जिच्या वाटेने काही वितरणांतील एसएसएच सेवेत गुप्त प्रवेश मिळावा. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक कर्ते आपल्या यंत्रावर वेगाच्या चाचण्या घेत असता, एसएसएचने प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे त्यांच्या लक्षात आले. काही आठवड्यांपूर्वी वॅलग्रिंडने केलेली एक चमत्कारिक तक्रारही त्यांना आठवली. त्यांनी धागा सोडला नाही, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जगापुढे मांडले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती जोड तोवर पोहोचली नव्हती.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. परीक्षणसाधन दोन्ही वेळा तेच होते आणि त्याने दोन्ही वेळा तक्रार केली. एकदा ती शांत करण्यात आली. एकदा तिचा माग काढण्यात आला. मजकूर उघडा होता म्हणून फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आले, हे खरे. परंतु जाण्याची इच्छा त्यांची स्वतःची होती. सार्वजनिकता ही तपासणीची संधी आहे. ती संधी घेणारी माणसे समाजाने तयार करावी लागतात, आणि ज्या फुकट साधनांवर आपले दप्तर चालते त्यांच्या कर्त्यांना एकटे थकू देणे हासुद्धा सुरक्षिततेचाच भंग आहे.

आता आपल्याकडे पाहतो. भारत सरकारने २०१५ साली शासकीय व्यवहारात मुक्तस्रोत आज्ञावलींचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनच्याच पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय कार्यप्रणाली रचली. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सच्या आज्ञांचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. साधने आहेत, पाठही आहेत. उणीव आहे ती लेखी परंपरेची. एखाद्या लहान संस्थेचा सर्व्हर एखादा होतकरू तरुण उभा करतो, दोन वर्षांनी त्याला दुसरीकडे नोकरी लागते, आणि त्याच्या मागे यंत्र राहते, कारणे राहत नाहीत. हे पोर्ट का उघडे आहे, हे खाते कोणाचे, हा नियम कोणी कधी घातला, यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही, आणि नवा माणूस भीतीने काहीच बदलीत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी, आजच अमलात येण्यासारखी आहे. या यंत्रांच्या नियमांच्या फायलींत ‘#’ ही खूण केली की तिच्यापुढचा मजकूर यंत्र वाचीत नाही. ती ओळ माणसांसाठी असते. १९९२ साली त्याच केन टॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासमवेत न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून ‘यूटीएफ-८’ ही अक्षरलेखनाची पद्धत रचली, आणि तिच्यामुळे ती ओळ देवनागरीतही लिहिता येते. तेव्हा मराठी मुलखातील प्रत्येक महाविद्यालयाने, ग्रंथालयाने आणि पतसंस्थेने आपल्या सर्व्हरच्या प्रत्येक नियमावर तो कोणी, कोणत्या तारखेला आणि कशासाठी केला हे मराठीत लिहावे; बदल करण्यापूर्वी तो दुसऱ्या माणसाने वाचावा; आणि महिन्यातून एकदा दोघांनी बसून रोजनामा चाळावा. यास पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. चिकाटी लागते, आणि आपण लोकांच्या दप्तराचे विश्वस्त आहोत ही जाणीव लागते. ज्या समाजाला आपल्या यंत्रांना दिलेली आज्ञा वाचता येते आणि तिचा जाब विचारता येतो, त्याच समाजाचा त्या यंत्रांवर खरा अधिकार चालतो. आणि तो अधिकार मराठी माणसाने मराठीत बजावावा, एवढी प्रार्थना करून मी माझे व्याख्यान पुरे करतो.